म्हाताऱ्यांची पलटण

14 मे 1940 च्या रात्री ब्रिटनचे नवे युद्धमंत्री अँथनी ईडन बीबीसीच्या रेडिओवर बोलायला बसले. हॉलंड पडत होतं, जर्मन रणगाडे फ्रान्समध्ये घुसले होते आणि कोणत्याही रात्री आभाळातून छत्रीधारी सैनिक उतरतील या धास्तीने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची गावं जागी होती. ईडन यांनी हाक दिली ती 17 ते 65 वयाच्या, सैन्यात नसलेल्या पुरुषांना. पगार मिळणार नव्हता. गणवेश आणि हत्यार मिळेल, असं आश्वासन होतं. भाषण संपायच्या आत पोलीस चौक्यांसमोर माणसं गोळा झाली होती. पहिल्या काही दिवसांतच अडीच लाख नावं नोंदली गेली, आणि उन्हाळा सरेपर्यंत आकडा दहा लाखांच्या बराच पुढे गेला.

यातले कित्येक जण पहिलं महायुद्ध लढून आलेले, पन्नाशी-साठी उलटलेले. नियम 65 चा, पण वय विचारतो कोण? कुणी बँकेत साहेब, कुणी खाटीक, कुणी निवृत्त दुकान-नोकर. सुरुवातीला त्यांना मिळाली ती दंडावर बांधायची एक पट्टी. हत्यारं मिळायची कशी, डंकर्कहून जीव वाचवून परतलेल्या सैन्याने आपलीच सामग्री फ्रान्सच्या वाळूत टाकली होती! मग शिकारीच्या बंदुका निघाल्या, शेतातले पंजे निघाले. पुढे सरकारने लोखंडी नळ्यांच्या टोकाला संगिनी जोडून भालेसुद्धा बनवून घेतले, विसाव्या शतकात, विमानांशी लढणाऱ्या देशात. ते हाती आले तेव्हा स्वयंसेवकांना अपमान वाटला आणि संसदेत टिंगल झाली. या फौजेचं पहिलं नाव ‘लोकल डिफेन्स व्हॉलंटिअर्स’. चर्चिलना ते मिळमिळीत वाटलं, म्हणून जुलैत ते ‘होम गार्ड’ झालं. जॉर्ज ऑर्वेल लंडनच्या सेंट जॉन्स वुड भागात याच फौजेत सार्जंट होता. 3 डिसेंबर 1944 ला तिला निरोप देण्यात आला. तोवर तिचे बाराशेहून अधिक लोक कामावर असताना दगावले होते.

मग पुढची वीसेक वर्षं देश या फौजेला विसरून गेला. वैमानिकांवर सिनेमे निघाले, पाणबुड्यांवर निघाले, युद्धकैद्यांच्या छावण्यांवर निघाले. बँक मॅनेजरच्या पलटणीवर कोण कशाला सिनेमा काढेल?

1967 च्या उन्हाळ्यात जिमी पेरी नावाचा एक नट कामाच्या विवंचनेत होता. पूर्व लंडनमध्ये जोन लिटलवूड यांच्या नाट्यसंस्थेत तो काम करत असे. आपल्याला एक चांगली भूमिका मिळावी एवढ्यासाठीच त्याने स्वतः मालिका लिहायला घेतली. विषय मिळाला तो स्वतःच्या पोरवयातला. वॉटफर्डच्या होम गार्डमध्ये तो वयाच्या सोळा-सतराव्या वर्षी होता. आई रात्रीच्या थंडीत पोराला पाठवायला कुरकुरायची. पलटणीत एक म्हातारा लान्स-कॉर्पोरल होता, तो जनरल किचनरच्या हाताखाली सुदानात लढल्याच्या गोष्टी सांगत सुटायचा. पेरीची एजंट होती अॅन कॅलेंडर, आणि तिचे पती डेव्हिड क्रॉफ्ट हे बीबीसीत विनोदी कार्यक्रमांचे निर्माते. हस्तलिखित तिकडून इकडे गेलं. क्रॉफ्टनी ते उचललं, सहलेखक झाले आणि दिग्दर्शनही केलं. पेरीला हवी होती ती काळाबाजारवाल्या वॉकरची भूमिका. ती मात्र त्याला मिळाली नाही. लेखकाने नट होऊ नये, असं ठरलं. हा सल त्याने आयुष्यभर बोलून दाखवला.

पेरीने मालिकेचं नाव ठेवलं होतं ‘द फायटिंग टायगर्स’. बीबीसीचे विनोद विभागप्रमुख मायकेल मिल्स यांनी ते बदलून ‘डॅड्स आर्मी’ केलं. यापुढचं काम अवघड होतं. बीबीसीच्या पहिल्या वाहिनीचे प्रमुख पॉल फॉक्स यांना भीती वाटत होती की, युद्ध संपून पंचवीस वर्षंही झालेली नाहीत आणि आपण देशाच्या सर्वांत अभिमानाच्या घडीची टवाळी करतोय. सुरुवातीच्या नामावळीत नाझी फौजा आणि निर्वासितांची खरी चित्रं दाखवायचा बेत होता, तो त्यांनी हाणून पाडला. त्याऐवजी आले नकाशावर सरपटणारे बाण: स्वस्तिकाचे बाण युरोपातून पुढे येतात आणि ब्रिटनचा एकटा बाण खाडीपलीकडे मागे सरतो. आज ती नामावळी मालिकेची ओळख बनली आहे. तिच्यावरचं गाणं ऐकून अनेकांना ते 1940 चंच वाटतं. प्रत्यक्षात ते पेरीने मालिकेसाठी लिहिलं, डेरेक टॅव्हरनरबरोबर चाल बांधली आणि युद्धकाळातला लाडका गायक-विदूषक बड फ्लॅनगन याच्याकडून गाऊन घेतलं. मालिका सुरू झाल्यावर काही महिन्यांतच फ्लॅनगन वारला.

पहिला भाग 31 जुलै 1968 ला दाखवला गेला, शेवटचा 13 नोव्हेंबर 1977 ला. नऊ मालिका, 80 भाग. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला एकेका भागाला 1 कोटी 80 लाखांच्या आसपास प्रेक्षक असत. आणि मुद्दा तो नाहीच. लोकप्रिय मालिका पुष्कळ झाल्या, विसरल्याही गेल्या. ही मात्र पन्नास वर्षांनंतरही बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर शनिवारी संध्याकाळी पुन्हा पुन्हा दाखवली जाते. ज्यांचे आजोबासुद्धा युद्धानंतर जन्मले, ती मुलं ती पाहतात. हे कसं?

सोपं उत्तर आहे स्मरणरंजन. तेव्हाचं इंग्लंड, तेव्हाची एकजूट, चहाची किटली आणि निर्धार. ब्रेक्झिटच्या वादात दोन्ही बाजूंनी या पलटणीची उपमा एकमेकांना शिवीसारखी फेकली. मला हे उत्तर आळशी वाटतं. स्मरणरंजनाला गोड माणसं लागतात, आणि वॉल्मिंग्टन-ऑन-सी या काल्पनिक गावातली माणसं काही फार गोड नाहीत. कॅप्टन मॅनरिंग (लिहितात मेनवेअरिंग, म्हणतात मॅनरिंग) हा बँकेचा मॅनेजर बढाईखोर, चिडका, स्वतःच्या कर्तृत्वाविषयी ठार आंधळा. खाटीक जोन्सची मती कटकटीच्या क्षणीच गुंग होते, आणि बाकीच्यांना ‘घाबरू नका’ म्हणत सगळ्यांत जास्त तोच धावत सुटतो. फ्रेझर हा स्कॉटिश माणूस प्रेतं पुरायचा धंदा करतो आणि प्रत्येक बेतात सगळ्यांचा मृत्यू पाहतो. वॉकर रेशनच्या काळात काळा बाजार करतो. गॉडफ्रे हा म्हातारा सभ्यपणे लघवीला जायची परवानगी मागत राहतो. पाइक हा बँकेतला कारकून पोरगा आईने गुंडाळून दिलेल्या मफलरसकट युद्धाला येतो. हवाई हल्ल्यापासून बचावाची व्यवस्था पाहणारा वॉर्डन हॉजेस हा मुळात भाजीवाला. पलटणीचा खरा शत्रू बघायला गेलं तर तोच, कारण जर्मन फारसे येतच नाहीत.

मालिकेचं इंजिन या सगळ्यांत नाही. ते मॅनरिंग आणि त्याचा सार्जंट विल्सन यांच्यात आहे.

बँकेत मॅनरिंग साहेब आणि विल्सन त्याच्या हाताखालचा हेडक्लार्क. पलटणीतही तसंच. पण विल्सन खानदानी आहे, महागड्या निवासी शाळेत शिकलेला आहे, आणि मॅनरिंग गावच्या सरकारी हायस्कुलातून वर आलेला. इंग्लंडमध्ये ही रेषा बोलीत ऐकू येते, टोपी घालण्याच्या ढबीत दिसते. हुकूम मॅनरिंग देतो. विल्सन एक भुवई वर करून, अतिशय नम्रपणे, ‘हे शहाणपणाचं होईल का, सर?’ एवढंच विचारतो आणि हुकमातली हवा निघून जाते. त्याचं काहीच चुकलेलं नसतं. म्हणून तर मॅनरिंगचा संताप होतो. एका भागात विल्सनला नातेवाइकाच्या मृत्यूमुळे ‘ऑनरेबल’ ही पदवी वापरण्याचा हक्क मिळतो आणि गावातलं गॉल्फ क्लबचं सदस्यत्व चालत येतं. त्या क्लबसाठी मॅनरिंग वर्षानुवर्षं रांगेत उभा होता. आणखी एका भागात मॅनरिंगचा दारुडा भाऊ गावात येतो (दोन्ही भूमिका आर्थर लो यांच्याच), आणि बापाच्या दुकानाविषयी आजवर सांगितलेली ऐट उघडी पडते.

ही जात-पात नाही. तरी तिची ओळख आपल्याला पटकन पटते, कारण ‘आपण कुठून आलो’ हे लपवत खुर्ची सांभाळणारा साहेब मराठी वाचकाने पाहिलेला असतो.

यात एक गंमत पडद्यामागची. जॉन ले मेज्युरिअर, म्हणजे विल्सन, खऱ्या युद्धात रणगाडा दलात कॅप्टन होते आणि काही काळ हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर होते. आर्थर लो मध्यपूर्वेत सार्जंट-मेजरच्या हुद्द्यापर्यंत गेले. पडद्यावर हुद्दे उलटे झाले, आणि दोघांनीही ते अचूक निभावले. लो यांना स्वतःलाही मॅनरिंगसारखाच मानपान फार जपायचा असे. पडद्यावर आपली विजार उतरणार नाही, अशी अट त्यांनी घातली होती, असं पेरी सांगत.

पण मॅनरिंगवर फक्त हसत राहिलो असतो तर दुसऱ्याच वर्षी कंटाळा आला असता. लेखकांनी त्याला एक गोष्ट दिली आहे: त्याच्या छातीवर एकही पदक नाही. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्सला पोचला तेव्हा लढाई संपलेली होती. ज्यांना तो कवायत शिकवतो, त्यांच्यापैकी जोन्स, गॉडफ्रे, फ्रेझर, विल्सन सगळ्यांनी कुठे ना कुठे युद्ध पाहिलेलं आहे. त्याला एकट्यालाच ते ठाऊक नाही. त्याचा फुगा त्याच ठिकाणी भरलेला आहे. तरी जर्मन खरंच आले, अशी समजूत होते तेव्हा हाच बुटका, चष्मेवाला माणूस पहिल्यांदा पुढे होतो, आणि तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर बढाई नसते. बँकेच्या तिजोरीघरात पडलेला न फुटलेला बॉम्ब मांडीवर धरून मॅनरिंग आणि विल्सन तासन्‌तास बसतात, तो भाग पाहा. दोघं घाबरलेले आहेत, दोघंही ते बोलून दाखवत नाहीत, आणि हसू येतं ते त्यांच्या संभाषणाच्या औपचारिकपणावर. बॉम्बवर कुणी हसत नाही.

मालिका युद्धाची भीती कधी पुसत नाही, हे तिच्या लोकप्रियतेत अनेकदा निसटतं. एका भागात विल्सनला शेवटी स्वतःची शाखा मिळते, शेजारच्या गावी, मॅनेजर म्हणून. दारावर त्याच्या नावाची पाटी लागते. आणि ती शाखा बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त होते. तो परत मॅनरिंगच्या हाताखाली येतो. विनोदी मालिकेच्या अर्ध्या तासात हे दाखवायला धीर लागतो. 1970 च्या आणखी एका भागात मॅनरिंग प्रेमात पडतो, तेही घरी बायको असताना. (ही बायको एलिझाबेथ आपल्याला आख्ख्या मालिकेत दिसत नाही, फक्त टेलिफोनवर आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर.) ती स्त्री गाव सोडून जायला निघते, तो स्टेशनवर धावतो, गाडी सुटते. भागाच्या शेवटी विनोद नाही. त्या काळच्या प्रेक्षकांनी चॅनेल बदललं नाही.

आणि गॉडफ्रे. 1969 च्या ‘ब्रँडेड’ भागात कळतं की पहिल्या महायुद्धात त्याने हातात बंदूक धरायला नकार दिला होता. सगळी पलटण त्याच्याशी बोलणं सोडते. मॅनरिंग त्याला काढून टाकायला निघतो. मग त्याच्या घरी भिंतीवरचा एक फोटो दिसतो आणि बहीण सांगते: हा गृहस्थ फ्रान्समधल्या सोमच्या रणांगणावर जखमींना उचलून आणत होता आणि त्याला मिलिटरी मेडल मिळालेलं आहे. गॉडफ्रे ते मिरवत नाही, कारण त्याला ते मिरवण्यासारखं वाटत नाही. ही भूमिका करणारे अर्नल्ड रिडली खरोखर सोमला होते. 1916 मध्ये तिथे हातावर संगिनीचा घाव, पायात बॉम्बचे तुकडे, आणि डोक्यावर बसलेल्या बंदुकीच्या दस्त्याने आयुष्यभर अधूनमधून येणारी अंधारी. दुसऱ्या महायुद्धातही ते फ्रान्सला गेले आणि परतल्यावर होम गार्डमध्ये दाखल झाले. ‘द घोस्ट ट्रेन’ या विसाच्या दशकातल्या गाजलेल्या नाटकाचे ते लेखक. मालिका सुरू झाली तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. आपल्या पात्राची ती कथा त्यांनी काय मनात ठेवून केली असेल, त्यावर कादंबरी लिहिता येईल.

फ्रेझर झालेले जॉन लॉरी हेही पहिल्या महायुद्धातून वाचलेले, शिवाय नंतर होम गार्डमध्ये होते. मोठे शेक्सपिअर नट. क्लाइव्ह डन यांचं उलटंच: पडद्यावरचा सुदानचा म्हातारा जोन्स रंगवला तेव्हा ते पन्नाशीच्या आत होते, आणि युद्धात ग्रीसमध्ये पकडले जाऊन चार वर्षं ऑस्ट्रियात कैदेत होते. या फौजेची टिंगल ज्यांनी केली, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी प्रत्यक्ष किंमत मोजलेली होती. म्हणून ती टिंगल बोचत नाही. आपल्या घरच्या माणसाची थट्टा आपणच करतो तशी ती आहे.

सगळ्यांत गाजलेला प्रसंग 1973 चा. पाणबुडीचा जर्मन कॅप्टन (फिलिप मॅडॉक) पकडला जातो आणि युद्ध जिंकल्यावर कुणाकुणाला धडा शिकवायचा, त्यांची नावं वहीत टिपून घेतो. पाइक हिटलरवर चिडवणारं गाणं म्हणतो. जर्मन विचारतो, ‘तुझं नाव काय?’ मॅनरिंग ओरडतो, ‘सांगू नकोस त्याला, पाइक!’ एका वाक्यात माणसाचा सगळा स्वभाव. संरक्षण करायला निघाला आणि स्वतःच नाव सांगून बसला.

आता एक गोष्ट आपल्या बाजूची, कारण तिच्याशिवाय या मालिकेच्या यशाचा उलगडा अर्धाच राहतो. पेरी होम गार्डमधून तोफखान्यात गेला आणि युद्धाच्या अखेरीस पोचला नाशिकजवळच्या देवळालीला. तिथल्या लष्करी छावणीत सैनिकांचं मनोरंजन करणारी तोफखान्याची एक नाटक-गाणी मंडळी होती, तिच्यात तो होता. क्रॉफ्टही लष्करी नोकरीत हिंदुस्थानात येऊन गेले होते. ‘डॅड्स आर्मी’ यशाच्या शिखरावर असताना 1974 साली दोघांनी या आठवणींवर दुसरी मालिका काढली, ‘इट एन्ट हाफ हॉट मम’. पार्श्वभूमी देवळालीची. चित्रीकरण मात्र झालं इंग्लंडातल्याच रानात आणि वाळूच्या खाणीत. ती 1981 पर्यंत चालली, भरपूर पाहिली गेली. पेरी शेवटपर्यंत म्हणत की, हीच आमची सर्वांत विनोदी मालिका.

बीबीसी ती आज दाखवत नाही. रंगीराम या हिंदुस्थानी बेअररची भूमिका मायकेल बेट्स या इंग्रज नटाने चेहरा काळवंडून केली होती. बेट्स झाशीत जन्मलेले, त्यांना हिंदुस्थानी भाषा येत होती. लेखक बचावात हेच सांगत, आणि त्या काळात ब्रिटनमध्ये योग्य हिंदुस्थानी नट मिळाला नाही, असंही. ढाक्यात जन्मलेले दिनो शफीक हे चहावाल्याच्या भूमिकेत होते. पण सगळ्या बचावांनंतरही फरक राहतोच. वॉल्मिंग्टनमध्ये हसणारा आणि हसण्याचा विषय एकाच गावचे आहेत. देवळालीत यजमानाच्या दारात बसून यजमानावर हसायचं आहे, आणि त्या यजमानाला स्वतःचा आवाज अर्ध्या गंमतीपुरता मिळालेला आहे. तेच लेखक, तीच शैली, तसाच हुद्द्यांचा चिमटा. एक मालिका घरोघरी आणि एक कपाटात. मला वाटतं, ‘डॅड्स आर्मी’ का टिकली याचं सगळ्यांत पक्कं उत्तर देवळालीच्या त्या तंबूत आहे.

थेटफर्ड हे नॉरफॉकमधलं गाव. मालिकेतलं वॉल्मिंग्टनचं बाहेरचं चित्रीकरण तिथे आणि आसपासच्या लष्करी सरावाच्या रानात झालं. 2010 पासून तिथे नदीजवळच्या बाकावर कॅप्टन मॅनरिंगचा पुतळा बसलेला आहे, आणि माणसं शेजारी बसून फोटो काढतात. त्याच गावात, नदीतल्या बेटावर, घोड्यावर स्वार महाराजा दुलीपसिंगांचा पुतळा आहे, शीख राज्याचा शेवटचा राजा. जवळच्या एल्व्हडन इथे ते राहिले आणि तिथेच पुरले गेले. साम्राज्य गेलेला राजा आणि साम्राज्य वाचवायला निघालेला बँक मॅनेजर एका गावात आहेत. कोणत्याही पटकथेला हा योग सुचला नसता.

शेवटचा भाग युद्धात पडलेल्यांच्या स्मरण रविवारी दाखवला गेला. जोन्सचं लग्न होतं, आणि हॉजेस टोमणा मारतो की या म्हाताऱ्यांकडून काय होणार होतं. मॅनरिंग, विल्सन, जोन्स, फ्रेझर, गॉडफ्रे, पाइक प्याले उचलतात आणि होम गार्डच्या नावाने पितात. वॉकर त्यात नाही: ती भूमिका करणारे जेम्स बेक 1973 मध्येच 44 व्या वर्षी गेले. लो 1982 ला गेले, ले मेज्युरिअर 1983 ला. विल्सनच्या ढंगाला शोभेल अशीच त्यांनी स्वतःची मृत्यूची जाहिरात वर्तमानपत्रासाठी आधीच लिहून ठेवली होती. पाइक झालेले इयन लॅव्हेंडर 2 फेब्रुवारी 2024 ला गेले. ते मुख्य पलटणीतले शेवटचे.

टेपा पुन्हा वापरायच्या त्या काळच्या काटकसरीत बीबीसीने जुने भाग पुसून टाकले. दुसऱ्या मालिकेतले दोन 2001 मध्ये सापडले. तीन आजही हरवलेले आहेत. 2019 मध्ये ‘गोल्ड’ वाहिनीने तेच संवाद नव्या नटांकडून करून घेतले, पण ती जागा भरून निघत नाही.

मालिका पाहिली नसेल तर पहिल्या भागापासून सुरू करू नका. कृष्णधवल, थोडे चाचपडणारे ते भाग नंतर गोड वाटतात. पाणबुडीच्या कॅप्टनच्या ‘द डेडली अटॅचमेंट’ या भागाने सुरुवात करा, मग लगेच ‘ब्रँडेड’ पाहा. हे दोन्ही भाग एकाच मालिकेचे आहेत, यावर तुमचा पटकन विश्वास बसणार नाही. तो बसला की उरलेले पंच्याहत्तर तुम्ही स्वतःहून शोधाल.